गाणारे गेले, गाणे उरले

१९६०च्या दशकात कंबोडियाच्या रेडिओवर सिन सिसामुथ आणि रोस सेरेसोथिया यांचे आवाज घुमत. ख्मेर चालींना इलेक्ट्रिक गिटारची साथ मिळाली ती याच काळात. १९७५मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेची राजवट आली. हे दोघे गायक त्यात हरवले, ते परतलेच नाहीत. असंख्य कलावंत मारले गेले. जपून ठेवलेल्या ध्वनिमुद्रिका तेवढ्या उरल्या.

लोककलेवरही तोच घाला पडला. चापेई हे लांब दांडीचे तंतुवाद्य छेडत गोष्ट सांगणारे दृष्टिहीन कोंग नाय मात्र वाचले आणि शिष्य घडवत राहिले. २०१६मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली.

गाणारेच हरवलेला देश पुन्हा कसा गाऊ लागतो? या अंकात त्याचाच मागोवा आहे. वाचा आणि जमल्यास ऐकाही.

– संपादक