वीस ते पन्नास

पूर्वी घरात कुणाचा फोटो काढायचा म्हणजे काय थाट असे! इस्त्रीचे कपडे, पावडर, आणि फोटो हाती येईपर्यंत जिवाला घोर. पण तो घोर एवढाच, की नाक नीट आले की नाही. फोटो किती वजनाचा आला, हे विचारायचे कुणाला सुचले नव्हते. हल्ली फोटो आधी तराजूत घालतात, तोंड मागाहून बघतात.

नालासोपाऱ्याला पूर्वेकडे उतरून आचोळे रोडने चालू लागा. बँकभरतीच्या अर्जाची मुदत संपत आली असेल, तर झेरॉक्सच्या दुकानापुढे हमखास गर्दी दिसेल. “दादा, एवढा फोटो पन्नास केबीत बसवून द्या ना, आज शेवटची तारीख आहे!” आणि आतून उत्तर, “ताई, फोटो बसला. सही वीसच्या वर चाललीय.” वर्षभर अभ्यास करून परीक्षेलाच बसायला मिळू नये, आणि तेही सही जाड झाली म्हणून, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

ही परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था आपल्याच रेल्वेवर, कांदिवलीला आहे. तिच्या २०२३ आणि २०२४ च्या जाहिराती पाहिल्या. फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० ठिपक्यांची, १० ते २० केबी, काळ्या शाईने. इंग्रजी मोठ्या लिपीतली चालणार नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०. शिवाय स्वहस्ते लिहिलेले प्रतिज्ञापत्र, ५० ते १०० केबी, आणि ते इंग्रजीतूनच.

नियम वाचून डोके फिरते खरे, पण हिशेब केला की राग थोडा निवळतो. मोबाइलचा फोटो सहज चार एमबीचा असतो. दहा लाख मुलांनी असे फोटो धाडले, तर नुसत्या फोटोंचेच चाळीस लाख एमबी होतात. पन्नास केबीचे धाडले, तर पन्नास हजारांत भागते. बरे, प्रवेशपत्रावर फोटो छापायचा साडेतीन सेंटिमीटर रुंद. तेवढ्या जागेत दोनशे ठिपके डोळ्याला पुरतात.

पन्नासहून जास्त नको, हे पटते. पण वीसहून कमी का नको? कारण फोटो फार पिळला की चेहरा धूसर होतो, आणि परीक्षाकेंद्रावर तुम्ही ते तुम्हीच, हे ओळखायचे कसे?

या पिळण्यामागे एक आपला माणूस आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. नासिर अहमद, जन्म १९४० चा, बंगळूरचा. त्यांनी अमेरिकेत या गणितासाठी १९७२ साली सरकारी अनुदान मागितले; कल्पना फारच सोपी वाटली म्हणून ते नाकारले गेले, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि १९९२ च्या जेपेग पद्धतीचा पाया तेच गणित झाले. यात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. कोऱ्या भिंतीच्या चौकोनात चौसष्ट वेळा ‘पांढरा, पांढरा’ लिहायची गरज पडत नाही, एकदा लिहिले की झाले. चौकड्यांच्या शर्टाचे मात्र बारीकसारीक सगळे लिहावे लागते. म्हणून मुलाला साधा शर्ट घालून कोऱ्या भिंतीपुढे उभे करा, निम्मे काम तिथेच होते.

पुढचे सांगतो. आधी फोटोचा नको तो भाग कापावा, मग ठिपके कमी करावे. वजन शेवटी आपोआप उतरते. लांबी-रुंदी निम्मी केली की ठिपके चौथाईवर येतात. दर खेपेला मूळ फोटोच घ्यावा, कारण एकदा पिळलेला पुन्हा पिळला की आणखी बिघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर तो वाटेतच पिळला जातो. सही लहान कागदाच्या कोपऱ्यात करून सगळ्या कागदाचा फोटो काढू नये. तिचा केस होऊन जातो.

माझी तक्रार नियमाबद्दल नाही. फोटो लहान करणे हे यंत्राला क्षणाचे काम. ते अर्जाच्या पानानेच का करू नये? आणि नाकारायचेच तर काय चुकले ते मराठीत सांगावे, नुसती लाल अक्षरे दाखवून काय उपयोग?

तोवर पोरे रात्री बाराच्या ठोक्याला कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर सही आणि अंगठा चढवून मोकळी होतात. बँकेच्या कागदावर चालणारी सही आहे ही! ते काम मोबाइलमध्येच करावे, किंवा ओळखीच्या दुकानात. आणि दुकानातून निघताना अंगठ्याचा फोटो आपल्यादेखत पुसायला सांगावे. दुकानदार हसतो, पण पुसतो.