पदक ट्रंकेत आहे, पण कागदावर आहे का?

मस्तगडमधल्या एका घरी आम्ही मध्यंतरी बसलो होतो. निमित्त साधं होतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी तिच्या मरहूम दादांची दोन पदकं शाळेत आणली होती, ती घरच्यांच्या हातात परत द्यायची होती. चहा झाला. मग दादीने ट्रंकेतून जुनं डिस्चार्ज बुक काढलं आणि म्हणाल्या, "सर, जरा पढके बताओ, इसमें क्या लिखा है."

पदकांच्या पानावर एकच नोंद होती, संग्राम मेडल. मुलीने आणलेलं दुसरं पदक होतं पश्चिमी स्टार, त्याचा त्या पानावर पत्ताच नव्हता. नावाची गंमत तर वेगळीच. आपल्या मराठवाड्यात नाव लिहितात 'शेख अमुक शेख तमुक'. पलटणीतल्या कुण्या कारकुनाने शेखचं आखूड रूप 'एसके' लिहिलं, आणि पुढच्या कारकुनाने ती आद्याक्षरं समजून 'एस. के. अमुक' करून टाकलं. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक माणूस, फौजेच्या कागदावर दुसरा आणि आधार कार्डावर तिसरा. दादींना हे सांगितलं तर त्या हसल्या. मेडल घरात आहे, माणूस कब्रस्तानात आहे, आता कागदाचं काय घेऊन बसलात, असं त्यांचं म्हणणं.

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी ही दोन पदकं काय आहेत ते पाहू. १९७१च्या युद्धानंतर सरकारने पूर्वेकडच्या आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या आघाडीसाठी पश्चिमी स्टार आणि त्या काळात फौजेत असलेल्यांसाठी संग्राम मेडल काढलं. संग्राम मेडलवरून एवढंच कळतं की माणूस तेव्हा नोकरीत होता. स्टारवरून कळतं की तो आघाडीच्या मुलखात होता. त्यामुळे त्या घरातल्या डिस्चार्ज बुकातून एक पदक गळालं, असं म्हणणं अपुरं आहे. हा माणूस लढाईच्या भागात होता ही गोष्टच गळाली. पन्नास वर्षांनी ते पुस्तक वाचणाऱ्याला वाटणार की हे तेव्हा कुठेतरी मागच्या छावणीत बसले असतील.

ही चूक होते कशी? सैनिकाची मूळ नोंद डिस्चार्ज बुकात नसते. ती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, शीट रोलमध्ये असते. ग्रेनेडियर्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं सिकंदराबादला. पलटण 'पार्ट टू ऑर्डर' काढते, तो तिथे पोचतो आणि मग शीट रोलवर शाई चढते. युद्ध संपतं, पलटण जागा बदलते, एखादा आदेश पोचत नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. पण दुरुस्ती मागायची जबाबदारी शेवटी सैनिकावर आणि त्याच्या घरच्यांवर येते. आणि आपली माणसं निवृत्त झाली की ट्रंकेला कुलूप लावतात.

शौर्यपदकांची गोष्ट थोडी बरी, कारण ती भारताच्या राजपत्रात छापली जातात. तिथेही कागद सगळं सांगतो असं समजू नका. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचं उदाहरण घ्या. ४ ग्रेनेडियर्सचे, सप्टेंबर १९६५, खेमकरण भागातलं चीमा गाव. परमवीर चक्राच्या मानपत्रात लिहिलं आहे की त्यांनी जीपवरच्या तोफेने एक पॅटन रणगाडा उडवला, जागा बदलून दुसरा पेटवला आणि आणखी एकावर मारा करत असताना ते शहीद झाले. लोकांत आणि पुस्तकांत सांगितला जाणारा आकडा मात्र याहून बराच मोठा आहे, कुठे सात तर कुठे आठ. मानपत्राची शिफारस आधीच गेली होती आणि ते त्यानंतरही लढत राहिले, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. त्यांच्या पराक्रमात यामुळे तसूभर फरक पडत नाही. पण देशातल्या सर्वोच्च शौर्यपदकाचं मानपत्र आणि लोकांची आठवण यांत एवढं अंतर राहू शकतं, तर आपल्या गल्लीतल्या शिपायाच्या कागदाचं काय? (परमवीर चक्राचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. मूळच्या युरोपातल्या, लग्नाने मराठी घरात आलेल्या. हे मुलांना सांगितलं की वर्गात कान टवकारतात.)

कागद बदलता येतो का? येतो. २०१० साली सशस्त्र दल न्यायाधिकरणाने कारगिल युद्धातले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या बाजूने निकाल दिला. बटालिक भागातल्या त्यांच्या कामगिरीबद्दल वरिष्ठांनी लिहिलेल्या अहवालात अन्याय झाल्याचं मान्य झालं आणि तो अहवाल दुरुस्त करायला सांगितलं. युद्ध १९९९चं, निकाल अकरा वर्षांनी. ब्रिगेडियर दर्जाच्या माणसाला एवढा वेळ लागला, हे लक्षात ठेवा. पण दरवाजा उघडला, हेही लक्षात ठेवा.

आपल्या जिल्ह्यातला दाखला तर याहून जुना आहे. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ला झाली. त्या लढाईचं पदक इंग्रजांनी मंजूर केलं १८५१मध्ये, ४८ वर्षांनी, आणि तेही तोवर जिवंत असलेल्यांसाठी. त्या रानात त्यांच्या बाजूने लढलेल्या देशी शिपायांपैकी पदक घ्यायला कितीसे उरले असतील? लढाई कोणाची होती, कोणासाठी होती, हा वेगळा वाद. उशिरा आलेली नोंद मेलेल्यांच्या उपयोगी पडत नाही, एवढं तिथून कळतं.

आता दादींच्या प्रश्नाचा दुसरा भाग, कागदाचं काय? याचं उत्तर आसामने २०१९मध्ये दिलं. मोहम्मद सनाउल्ला, फौजेतून मानद लेफ्टनंट म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. परदेशी नागरिक न्यायाधिकरणाने त्यांना परदेशी ठरवलं आणि मे महिन्याच्या अखेरीस त्यांना स्थानबद्धता केंद्रात टाकलं. फौजेत भरती झाल्याचं वर्ष १९८७ ऐवजी १९७८ असं नोंदलं गेलं होतं, आणि त्या हिशोबाने ते अकराव्या वर्षी भरती झाले असते, हा विसंगतीचा एक मुद्दा झाला. दोन आकडे उलटेपालटे झाले, तीस वर्षांची नोकरी बाजूला पडली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने जून महिन्यात त्यांना जामीन दिला.

जुलै २०२५मध्ये पुण्याच्या चंदननगर भागात एका कारगिल सैनिकाच्या घरच्यांनी तक्रार केली की रात्री जमाव घरात घुसला आणि कागद मागू लागला. पोलिसांचं म्हणणं होतं की ते बेकायदा राहणाऱ्यांच्या तपासणीसाठी गेले होते. या बातमीनंतर आमच्या ओळखीच्या दोघातिघांनी वडिलांची पदकं भिंतीवर लावली, दारातून दिसतील अशी.

इथे आमचं मत थोडं वेगळं आहे. पदक म्हणजे नागरिकत्वाचा दाखला नव्हे, आणि ते तसं वापरायची वेळ यावी हे चांगलं लक्षण नाही. ज्या घरात कुणी फौजेत गेलं नाही, तो रिक्षावाला, तो तुराटी विकणारा, तोही तितकाच नागरिक आहे. नोंद दुरुस्त करायची ती जमावाला दाखवण्यासाठी नाही. ती कमावलेली आहे म्हणून करायची. हक्काच्या मजुरीतले पैसे कमी आले तर आपण मुकादमाकडे मागतोच ना, तसंच.

व्यवहारही आहेच. शौर्यपदकाला मासिक भत्ता असतो, नोंद पेन्शनच्या आदेशावर नसेल तर तो अडकतो. स्टारला पैसे नाहीत, पण नावातली तफावत विधवेची फॅमिली पेन्शन अडकवू शकते. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेवर गेल्यापासून 'एस. के.' आणि 'शेख' हे संगणकाला दोन माणसं वाटतात.

आणि एक गोष्ट घाईची. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या सैनिकांची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात. अशा घरांनी हातातलं डिस्चार्ज बुक म्हणजे शेवटची प्रत समजावी. त्याचं प्रत्येक पान, कोरं असलं तरी, झेरॉक्स करून ठेवावं.

करायचं काय, तर आधी सर्व्हिस नंबर शोधा, नाव चुकलं तरी नंबर सहसा चुकत नाही. मग रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने अर्ज, सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत आणि पदकाच्या कडेवर नंबर कोरलेला असेल तर त्याचा फोटो. शीट रोलची प्रत माहितीच्या अधिकारातही मागता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवला तर बरं. नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. तिथे सहा महिन्यांची मुदत असते, पण उशिराचं योग्य कारण दिलं तर ती माफ होऊ शकते.

त्या घरी आम्ही पश्चिमी स्टारची कड खिडकीपाशी धरून पाहिली. झिजलेला नंबर आणि डिस्चार्ज बुकातला नंबर एकच निघाला. अर्ज मुलीनेच लिहिला, नाव तीन प्रकारे लिहून खाली तिन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. दादींनी अंगठा न लावता सही केली, उर्दूत. पोस्टाची पावती डिस्चार्ज बुकातच ठेवली आहे.