हेलिकॉप्टरचा शोध ‘कोणी’ लावला?

काही वर्षांपूर्वी एका शाळेत विज्ञान प्रश्नमंजूषेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. ‘हेलिकॉप्टरचा शोध कोणी लावला?’ असा प्रश्न आला. एका गटाने ‘लिओनार्दो द व्हिंची’ म्हटले, दुसऱ्याने ‘सिकोर्स्की’. कागदावर सिकोर्स्की लिहिलेले होते; गुण दुसऱ्या गटाला मिळाले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. “सर, हेलिकॉप्टरच्या शेपटीला तो छोटा पंखा कशाला असतो?” सूत्रसंचालक म्हणाले, “हा प्रश्न स्पर्धेत नाही.” मीही गप्प बसलो. त्याची रुखरुख मला अजून आहे, कारण त्या दिवशी विज्ञानाचा खरा प्रश्न तो एकच विचारला गेला होता.

माझे म्हणणे सरळ आहे. ‘शोध कोणी लावला’ या प्रश्नाने हेलिकॉप्टरविषयी काहीच कळत नाही. उलट, एका हुशार माणसाला एके दिवशी कल्पना सुचली आणि यंत्र उडाले, असा खोटा समज मात्र पक्का होतो. वस्तुतः पंखा हवा खाली ढकलतो आणि त्या प्रतिक्रियेने आपण वर जातो, ही कल्पना फार जुनी आहे. अडचण वर जाण्याची नव्हतीच. वर गेल्यावर सरळ राहण्याची होती.

पहिली अडचण त्या मुलाच्या प्रश्नातलीच. इंजिन हेलिकॉप्टरच्या धडात बसलेले असते. ते वरच्या पंख्याला एका दिशेने फिरवते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पंखा धडाला उलट दिशेने फिरवू पाहतो. जमिनीवर असताना जमीन धडाला धरून ठेवते. हवेत कोण धरणार? हे वर्गात करून पाहा. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसा, पाय उचला, सायकलचे सुटे चाक आस उभा ठेवून एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने ते फिरवा. खुर्ची उलट दिशेने वळू लागेल. शेपटीवरचा पंखा हवा बाजूला ढकलून धडाचे हे गरगरणे थांबवतो. लिओनार्दोने पंधराव्या शतकाच्या अखेरीस काढलेले फिरत्या मळसूत्राचे चित्र प्रसिद्ध आहे. पण ते यंत्र खरोखरच हवेत गेले असते, तर मळसूत्र फिरवणाऱ्या माणसांच्या पायाखालचा तळच उलटा फिरू लागला असता!

दुसरी अडचण याहून अवघड. समजा, पात्याचे टोक सेकंदाला 200 मीटर वेगाने फिरत आहे आणि हेलिकॉप्टर सेकंदाला 50 मीटर वेगाने पुढे जात आहे. एका बाजूचे पाते पुढे येत असते. त्याच्या टोकाला हवा 250 मीटर वेगाने भेटते. दुसऱ्या बाजूचे पाते मागे जात असते. त्याला ती 150 मीटरनेच भेटते. पात्यावरचे उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आता 250 आणि 150 यांचे वर्ग करून भागाकार करा. एका टोकाला दुसऱ्याच्या जवळजवळ पावणेतीनपट बल! असे यंत्र एका कुशीवर कलंडणार, नाही तर काय?

आणि तसेच झाले. हुआन दे ला सिएर्वा हा स्पेनचा अभियंता ‘ऑटोजायरो’ नावाचे यंत्र बनवत होता. त्याचा वरचा पंखा इंजिनाने फिरत नसे. इंजिन यंत्राला पुढे ओढी आणि समोरून येणाऱ्या हवेनेच वरचा पंखा फिरे. त्याची पहिली यंत्रे कलंडली. पण त्याच बेताची छोटी प्रतिकृती मात्र छान उडत होती. असे का व्हावे? प्रतिकृतीची पाती वेताची होती, म्हणून लवचीक होती. मोठ्या यंत्राची ताठ होती. सिएर्वाने मोठ्या पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली. आता पुढे येणारे पाते जास्त बल मिळताच वर उचलले जाई. वर जाताना त्याचा हवेशी होणारा कोन घटे आणि बल कमी होई. मागे जाणारे पाते खाली झुके. त्याचा कोन वाढे आणि बलही वाढे. दोन्ही बाजू आपोआप सारख्या होत. जानेवारी 1923 मध्ये त्याचे यंत्र माद्रिदजवळ व्यवस्थित उडाले. आपल्या दाराला असते तशी एक बिजागरी, पण तिच्यावाचून सारे अडले होते.

सिएर्वाच्या पंख्याने आणखी एक गोष्ट दाखवली. महोगनीच्या झाडाची पंखवाली बी गरगरत सावकाश खाली येते, ते तुम्ही पाहिले असेल. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले, तर वैमानिक पात्यांचा कोन कमी करतो. मग खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते. जमीन जवळ येताच तो कोन वाढवतो आणि पंख्यात साठलेल्या ऊर्जेच्या जोरावर हलकेच उतरतो. पुरेशी उंची किंवा वेग हाताशी असेल, तर इंजिन बंद पडले म्हणजे दगडासारखे कोसळणे नव्हे.

पुढे जर्मनीत हाइनरिख फोके यांचे दोन पंख्यांचे हेलिकॉप्टर 1936 मध्ये उडाले. त्यांच्या कारखान्यात आधी सिएर्वाची ऑटोजायरो परवान्याने बनत होती, हे लक्षात घ्या. इगोर सिकोर्स्की यांनी तर 1909 आणि 1910 मध्ये कीव्हला दोन हेलिकॉप्टरे बांधली होती. पहिले उडालेच नाही. दुसरे स्वतःचे वजन कसेबसे उचली, वैमानिकाचे नाही. त्यांनी तो नाद सोडला, विमाने बांधली, अमेरिकेत गेले आणि 1939 मध्ये वर एक मोठा पंखा व शेपटीला छोटा पंखा असलेले यंत्र दोरांनी बांधून उडवले. तीस वर्षे! एका गुणाच्या उत्तरात ही तीस वर्षे कुठे बसतात?

शिक्षक म्हणतील, “नावे नकोत की काय? शिवाय परीक्षा आहे, वेळ नाही.” नावे जरूर हवीत. पण नावाआधी अडचण सांगा. मग ते नाव कोणत्या कोड्याचे उत्तर आहे, ते मुलांना कळेल. आणि वेळेचे म्हणाल, तर खुर्ची-चाकाच्या प्रयोगाला पाच मिनिटे पुरतात. प्रश्नमंजूषेतही ‘कोणी’च्या जागी ‘का’ आणि ‘कसे’ विचारता येते.

विद्यार्थी मित्रहो, तुमचेही एक काम आहे. तुमची प्रतिकृती प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कलंडली, तर ती लपवू नका; ती का कलंडली हे वहीत लिहा. सिएर्वाला बिजागरी सुचली ती कलंडलेल्या यंत्रामुळेच.

‘कोणी’चे उत्तर पाठ केल्यावर संपते, ‘कसे’चे दुसऱ्या ग्रहावरही उपयोगी पडते. मंगळावरची हवा पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे एक टक्का दाट आहे. तरी 2021 ते 2024 या काळात ‘इंजेन्युइटी’ नावाच्या पावणेदोन किलोच्या छोट्या हेलिकॉप्टरने तिथे 72 उड्डाणे केली. त्याला एकावर एक असे दोन पंखे होते, विरुद्ध दिशांनी फिरणारे. शेपटीला पंखा मात्र नव्हता.

का नव्हता? उत्तर मी सांगत नाही. उद्या वर्गात हात वर करा.