एका संगणकांत दोन बिऱ्हाडें

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सध्यां एक प्रश्न उपस्थित झाला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि जुन्या संगणकांपैकीं अनेक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहींत. मग धडधाकट यंत्र मोडींत काढावयाचें काय? आमच्या मतें तशी गरज नाहीं. त्याच यंत्रांत विंडोजच्या शेजारीं लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली सुखानें नांदूं शकते. हिशेबाचा जुना प्रोग्रॅम विंडोजमध्येंच राहूं द्यावा. बँकेचें, पत्रव्यवहाराचें, किंबहुना इंटरनेटचें सर्व काम लिनक्समधून करावें.

एका वेळीं एकच कार्यप्रणाली जागी असते. यंत्र सुरू होतांना ‘ग्रब’ नांवाचा द्वारपाल कोणती हवी तें विचारतो. मात्र दोघींसाठीं हार्ड डिस्कचे भाग पाडावे लागतात. या कृत्यास ‘पार्टिशन’, म्हणजे वाटणीच म्हणतात. आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस वाटणीचा पहिला नियम सांगावयास नको: आधीं चीजवस्तूंची मोजदाद, मग भिंत. वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें, मुलांचीं प्रमाणपत्रें, घराचे कागद निराळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे व ते उघडतात कीं नाहीं तें पाहावें. भिंत चुकीच्या जागीं पडली तर गेलेलें परत मिळेलच असें नाहीं.

पुढील क्रम असा. ‘बिटलॉकर’चें कुलूप असल्यास त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावें; नाहीं तर ती पुरती न निजतां केवळ डुलकी घेते, आणि त्या स्थितींत लिनक्सनें तिच्या भागांत लिहिणें धोक्याचें असतें. नंतर विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून तिची जागा कमी करावी व मोकळ्या जागेंत लिनक्स बसवावें. ‘सर्व डिस्क पुसा’ हा पर्याय चुकूनहि निवडूं नये.

सामाईक कागद विंडोजच्या भागांत ठेवावे. लिनक्स ते वाचूं शकतें. उलट, लिनक्सच्या नेहमींच्या भागांतील कागद विंडोजला स्वतः होऊन वाचतां येत नाहींत. घड्याळांत साडेपांच तासांचा फरक दिसल्यास घाबरूं नये. यंत्रांतील घड्याळ लिनक्स जागतिक वेळेचें मानतें, विंडोज स्थानिक वेळेचें. लिनक्सला स्थानिक वेळ धरावयास सांगितलें कीं तंटा मिटतो.

मन साशंक असल्यास कांहीं दिवस लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावें. वायफाय व प्रिंटर नीट चालले, घरांतील मंडळींना सवय झाली, म्हणजे मग वाटणीस हात घालावा.