कच्चा खर्डा यंत्राचा, जबाबदारी शिक्षकाची

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आता शिक्षकांपुढे खरा प्रश्न आहे तो तिच्याकडे कोणते काम सोपवावे आणि कोणते सोपवू नये, हा.

शिक्षकाचा बराच वेळ वर्गाबाहेरच्या लिखाणात जातो. पाठाचे टाचण, सरावाची उदाहरणे, प्रश्नपत्रिका, पालकांसाठी सूचना या साऱ्यांचा कच्चा खर्डा हे साधन काही क्षणांत करून देते. एकच उतारा मागे पडलेल्या मुलांसाठी सोप्या भाषेत आणि इतरांसाठी विस्ताराने मागता येतो. इयत्ता, घटक, उदाहरणांची संख्या व काठिण्य जितके नेमके सांगावे, तितका तो खर्डा उपयोगी ठरतो.

मात्र खर्डा म्हणजे पक्की वही नव्हे. हे साधन शब्दामागून संभाव्य शब्द जुळवीत जाते. म्हणून चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे लिहू शकते. ८०० रुपयांना घेतलेली वस्तू ९२० रुपयांना विकली, तर शालेय गणितात शेकडा नफा खरेदीच्या किमतीवर काढतात. तो १५ येतो. तोच विक्रीच्या किमतीवर काढला, तर सुमारे १३ येतो. अशी गफलत उत्तरसूचीत शिरली, तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातील आणि स्वतःच्या हिशेबावरचा त्याचा विश्वासही डळमळेल. यासाठी प्रत्येक उदाहरण शिक्षकाने स्वतः सोडवून पाहणे अगत्याचे आहे. निबंधाचे अंतिम गुण तर यंत्रावर सोपवूच नयेत. त्या मुलाने गेल्या महिन्यापेक्षा किती प्रगती केली, हे त्याला रोज पाहणारा शिक्षकच जाणतो.

दुसरी दक्षता गोपनीयतेची. मुलाचे नाव, गुण, आजार किंवा घरची परिस्थिती अशा साधनात लिहू नये. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वर्गात मुलांनी स्वतः ही साधने वापरण्यासाठी किमान वय १३ असावे, असे युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचविले आहे. एका ग्राहकाचे खाते दुसऱ्यापुढे न उघडण्याची पेढीवरची रीत शाळेतही पाळली जावी.

पालकसभेत पालकांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: यंत्राने केलेले काम कोण तपासते, आणि वाचलेला वेळ कोणासाठी खर्च होतो? तो वेळ मागच्या बाकावरील अबोल मुलाच्या वाट्याला आला, तरच हे साधन शाळेला लाभदायी ठरले असे म्हणता येईल.