डोकं खाऊ का जी?

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की होस्टेलमध्ये एक वाक्य डोळे आल्यासारखं पसरतं. ‘सर, कॅन आय पिक युअर ब्रेन?’ कुणीतरी पुण्यातल्या सिनियरला ते पाठवतो, मग कॉपी-पेस्ट होत अख्ख्या विंगमध्ये फिरतं. याचं शब्दशः मराठी करून पाहा. मेंदूला चोच मारणारा कावळाच डोळ्यांपुढे येतो! आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे ‘डोकं खाणं’, आणि ते कुणी परवानगी मागून करत नाही.

इंग्रजीत हे वाक्य सलगीचं आहे, त्यावर माझा राग नाही. पण आमच्या विंगमधला भामरागडकडचा एक मित्र या असल्या एका वाक्यासाठी तीन दिवस अडून बसला. त्याचा प्रश्न पक्का होता: गेट द्यावी की मिळेल ती नोकरी धरून घरी पैसे पाठवावे? ‘दादा, एक इचारू का जी?’ एवढं त्याला पुरलं असतं. उलट ज्यांना वाक्य फाडफाड येतं त्यांना पुढे काय विचारायचं तेच ठाऊक नसतं. समोरचा ‘बोल’ म्हणाला की हे म्हणतात, ‘करिअरबद्दल गाईड करा ना!’ आता त्याने काय सांगावं, कप्पाळ?

सल्ला कसा घ्यावा हे शिकायला लांब जायला नको. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गोंड गाव. तिथे अभ्यास गट आहे. एखादा विषय अडला की बाहेरच्या जाणकाराला बोलवतात, प्रश्न विचारतात, आपसात चर्चा करतात. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा माणूस वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत बसला. पण निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. जाणकार बोलावले, पण डोकं आपलंच चालवलं.

याच जिल्ह्यात उलटा सल्लाही घेतला गेलाय. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ सुरू केलं. दवाखाना कसा असावा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. म्हणून शोधग्रामला गावातल्या घरांसारख्या झोपड्या बांधल्या, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. एम.डी. झालेल्या डॉक्टरांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून आपला दवाखाना तसा बांधला!

माझी टी.पी.ओ. सरांना एकच विनंती आहे. नोटीस बोर्डावर माजी विद्यार्थ्यांचे नंबर लावता, त्याखाली जाड अक्षरात एक ओळ टाका: ‘मराठीत विचारलं तरी चालते.’ बाकी आमच्या मित्राने शेवटी फोनच लावला. ‘जी, जी’ करत पाऊण तास बोलत होता, माझ्या बॅलन्सवर.