घड्याळाचा न्याय

ऑनलाइन प्रशिक्षणात हल्ली चाचणी सुरू झाली की पडद्यावर घड्याळ धावू लागते. वेळ संपली की चाचणी बंद! कॉपीला आळा बसावा, हा हेतू ठीक. पण सर्वांना सारखी मिनिटे म्हणजे सर्वांना सारखा न्याय, असे मात्र नव्हे.

२०२१ च्या ‘नीट’ परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्याची अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास नाकारला गेला. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य करून नॅशनल टेस्टिंग एजन्सीला उपाय शोधण्यास सांगितले. फेरपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाही. गेलेला तास न्यायालयालाही परत देता आला नाही.

कागदी परीक्षेत जादा वेळेसाठी पर्यवेक्षक लागतो. मूडलसारख्या संगणक प्रणालीत एकेका विद्यार्थ्याची वेळ वेगळी ठेवता येते. त्यासाठी एक आकडा बदलला की झाले. तेव्हा वेळ ठरवणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, आपल्याला वेग तपासायचा आहे की ज्ञान? आणि पालकांनीही जादा वेळेची मागणी परीक्षेआधीच लेखी करावी. घड्याळ सुरू झाल्यावर ऐकून घ्यायला कोणाला सवड असते?